ओंडका नंबर एक्केचाळीस

माझ्या लहानपणी मी जे काही खाल्लं, त्यात थोडा भुसा होता. वरणात होता, ताकात होता, दिवाळीच्या अनारशांवर खसखशीच्या जोडीला होता, आणि खोटं कशाला बोलू, देवाच्या नैवेद्यातही होता. टिंबर मार्केटमध्ये आमची लाकडाची वखार होती आणि वखारीच्या मागे तीन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. मधल्या दाराला आईने गोधडीएवढा जाड पडदा लावला होता, पण भुसा काही पडद्याची परवानगी घेऊन येत नसे. आई कुरकुरली की बाबा ताटातला कण बोटावर घेऊन बघायचे आणि सांगायचे, "सागाचा आहे. बाधणार नाही." परवा डॉक्टरांनी मला आहारात चोथा वाढवायला सांगितला, तेव्हा मी इतकी हसले की त्यांनी ब्लडप्रेशर पुन्हा तपासलं.

भुशासारखाच आवाजही घरात भरलेला असे. सकाळी नऊला करवतीचं मशीन सुरू झालं की आम्ही सगळे आपोआप मोठ्याने बोलायला लागायचो, आणि संध्याकाळी ते बंद पडल्यावरही तासभर तसेच ओरडत राहायचो. पाहुण्यांना वाटे, या घरात सतत भांडणं चालतात. आईचा कान तर असा तयार झाला होता की पोळ्या लाटता लाटता ती सांगे, "हे ऐनाचं लाकूड कापतायत. आता पातं तापणार, आणि आता नामदेव मिस्त्री पाणी मागणार." आणि खरोखरच नामदेव मिस्त्री पडद्याशी येऊन म्हणायचे, "वहिनी, पानी देता का जी?" नामदेव मिस्त्री आमच्या मशीनवरचे मुख्य कारागीर. चंद्रपूरकडचे. जिथून साग यायचा तिथूनच तेही आले होते, आणि बाबा म्हणत की दोन्हींची प्रत सारखीच आहे.

पण कानाचे खरे मालक अण्णाकाका. बाबांचे थोरले भाऊ. तिशीतच काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. लग्न ठरत होतं, ते राहिलं. दुसऱ्या एखाद्या घरात अशा माणसाला खिडकीशी बसवून रेडिओ लावून दिला असता. आमच्या घरात त्यांच्यासाठी वखारीच्या मधोमध एक बिनपाठीचं स्टूल होतं आणि त्या स्टुलावरून ते वखार चालवत. माल यायचा तो पसंतीवर. म्हणजे व्यापारी ट्रकभर ओंडके आमच्या अंगणात उतरवून जायचा, प्रत्येकावर तैलरंगाने नंबर टाकलेला, आणि आठवड्याभरात आम्ही सांगायचं की यातले कुठले घेणार. ओंडक्याची बाहेरची बाजू बाबा बघत. आतली बाजू अण्णाकाका. ते एका टोकाला कान लावायचे, दुसऱ्या टोकाला कुणीतरी हातोडीच्या दांड्याने ठोकायचं, आणि काका सांगायचे, भरीव, किडका, पोकळ, तीन हातांवर चीर आहे. त्यांचा शब्द चुकल्याचं मला आठवत नाही. बाबा घासाघीस करायला खुर्चीत बसत, पण घ्यायचं की नाही हे स्टुलावर ठरायचं.

हे ऐकण्याचं काम फक्त गुरुवारी होई. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं की पुण्यात गुरुवार हा वीज नसण्याचा वार. मशीन बंद, शेजारच्या वखारी बंद, सगळ्या पेठेचा गळा कुणीतरी धरल्यासारखी शांतता. त्या दिवशी बाबांचा दत्ताचा उपास असे, म्हणजे उपास बाबांचा आणि साबुदाण्याची खिचडी सगळ्यांची. खिचडी खाऊन, ताक पिऊन, अण्णाकाका मला हाक मारायचे, "मंजे, चल, पेशंट तपासायला." मी दहा वर्षांची असल्यापासून ती हातोडी माझ्याकडे होती. ओंडका मोजायलाही त्यांनीच शिकवलं. मध्यावर सुतळी गुंडाळायची, ती घेरभर सुतळी चौपदरी दुमडायची, दुमडलेली किती इंच भरते ते बघायचं, त्या आकड्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं, एकशे चव्वेचाळीसने भागायचं, की आले घनफूट. शाळेत वर्ग म्हणजे काय हे बाई शिकवण्याआधी मला ते सुतळीने कळलं होतं. गणितात मी हुशार आहे असा माझा जो समज पुढे झाला, आणि ज्याने एवढा घोटाळा केला, त्याचं मूळ ती सुतळी.

मग देशाची दारं उघडली, आणि त्या दारांतून आधी आला तो साग. आफ्रिकेतला साग, बर्माचा साग, नाव न सांगता येणाऱ्या बेटांवरची पिवळी, तांबडी लाकडं. वारज्याला, कात्रजला, जिकडे काल ज्वारी होती तिकडे सोसायट्या उठायला लागल्या, आणि प्रत्येक फ्लॅटला चौकटी हव्यात. पूर्वी दोन व्यापारी भाव द्यायचे, आता सात जण द्यायला लागले. कुणाचा भाव घनफुटाचा, कुणाचा घनमीटरचा, कुणाचा जकात धरून, कुणाचा भाडं सोडून. बाबा लग्नपत्रिकांच्या मागे हिशेब मांडत. एकदा त्यांनी सगळ्यात स्वस्त म्हणून जो माल उचलला तो सगळ्यात महाग निघाला, कारण एका पत्रिकेच्या दुसऱ्या बाजूला लिहिलेलं भाडं वाचायचं राहिलं होतं. आई म्हणाली, "अहो, निदान लग्नाला तरी जाऊन यायचं होतं."

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते आणि संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. त्या काळात पुण्यात दर तिसऱ्या जिन्यावर एक कॉम्प्युटर क्लास होता. क्लासमधल्या मुली पगाराचे आणि लायब्ररीचे प्रोग्रॅम लिहायच्या. मी ठरवलं, आपण लाकडाचा लिहायचा. बाबांनी एक जुना, जोडून घेतलेला कॉम्प्युटर वखारीच्या ऑफिसात आणून ठेवला. आईने त्याला जुन्या मेणकापडाची टोपी शिवली. जिथे माणसांच्या नाकातून भुसा निघायचा तिथे त्या यंत्रापुढे चपला काढून जावं लागे. तीन महिने मी त्याला चिकटून बसले आणि 'तराजू' नावाचा प्रोग्रॅम तयार केला. घेर, लांबी, जात, व्यापारी, भाव, भाडं, जकात, दोष, एवढं भरायचं. तो घनफूट काढायचा, दोषाप्रमाणे घट धरायचा, कापून हाती काय राहील आणि ते घनफुटाला कितीला पडेल हे सांगायचा, आणि मग सगळ्या ओंडक्यांची स्वस्तापासून महागापर्यंत रांग लावायचा. प्रिंटर किरकिरत ती रांग छापायचा. बाबा तो कागद आलेल्या प्रत्येकाला दाखवत. "आमच्या मंजूने केलंय. घरच्या घरी." जणू काही मी कुरडया घातल्या होत्या.

दोषाच्या रकान्यात आकडा घालायचा. शून्य म्हणजे निर्दोष, एक म्हणजे चीर, दोन गाठ, तीन कीड, असं करत नऊ म्हणजे पोकळ. अण्णाकाका जे सांगत त्याचा मी आकडा करत असे. ही कल्पना मला फार चतुर वाटली होती. काकांनाही कौतुक वाटलं. मी टाइप करत असताना ते शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि बटणांचा आवाज ऐकायचे. "बरं चालतंय तुझं," एकदा म्हणाले, "फक्त याला कान कुठे आहेत ते दाखव."

तो गुरुवार उन्हाळ्यातला होता. बाबा जेवून, म्हणजे उपास करून, आडवे झाले होते. चंद्रपूरकडून एका नव्या व्यापाऱ्याचा ट्रक आला होता, त्याचे पन्नासेक ओंडके अंगणात पडले होते, आणि एकेकाला ठोकत आम्ही चाळीसपर्यंत आलो होतो. एक्केचाळीस नंबरचा ओंडका देखणा होता. चौसष्ट इंच घेर, नऊ फूट लांब, सरळ, एक गाठ नाही. मी ठोकलं. काका नेहमी एका ठोक्यात सांगायचे. या वेळी म्हणाले, "परत." मी परत ठोकलं. "हळू." मी नुसतं नखाने टकटक केलं. काकांनी कान काढला नाही. मग त्यांनी हात वर करून मला थांबवलं, आणि मी थांबले. तेव्हा मला ती शांतता जाणवली. पेठेतलं एक कुत्रंही ओरडत नव्हतं. मी हातोडी खाली ठेवली होती, माझे हात माझ्या ओढणीत होते, आणि काका अजून ऐकत होते.

"काय आहे?" मी विचारलं.

"तू ठोकतेयस का?"

"नाही काका."

मग कान काढून त्यांनी त्या ओंडक्यावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "आत कुणीतरी खेळतंय," ते म्हणाले. "हा घेऊ नका."

मी हसले. भीती वाटली की मी हसते, ही माझी जुनी खोड आहे. माझ्या लग्नातही हसले होते. "पोकळ आहे का, एवढं सांगा. नऊ घालू?"

"पोकळ नाही. पोकळ असता तर बरं झालं असतं." मग उठता उठता म्हणाले, "शशीला सांग, हा नको. काय ते माझ्या नावावर सांग." शशी म्हणजे शशिकांत, माझे बाबा.

शुक्रवारी वीज आली आणि मी माहिती भरायला बसले. काका नेहमीप्रमाणे शेजारी. चाळीस ओंडके भरून झाले. एक्केचाळीसला घेर भरला, लांबी भरली, भाव भरला, आणि दोषाच्या रकान्यापाशी खूण लुकलुकत राहिली. शून्य ते नऊ. 'आत कुणीतरी खेळतंय' याला आकडा नव्हता. मी नवीन रकाना करू शकले असते, दहा मिनिटांचं काम होतं. पण तो रकाना केला असता तर दुसऱ्या दिवशी तो कागद बाबा चार लोकांना दाखवणार, आणि त्या कागदावर, माझ्या तीन महिन्यांच्या कामावर, हे छापलेलं असणार. मला लाज वाटली. एवढंच कारण. त्याहून मोठं कारण असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं. मी शून्य दाबलं.

तराजूने तो ओंडका रांगेत पहिला लावला. बाबांनी कागद बघितला आणि विचारलं, "अण्णांनी ऐकलाय ना? काय म्हणाले?"

"पोकळ नाही म्हणाले," मी सांगितलं. यातला शब्दन् शब्द खरा होता.

ओंडका घेतलाय हे काकांना कळायला दोन दिवस लागले, तेही नामदेव मिस्त्री ओंडका मशीनकडे सरकवताना नंबर मोठ्याने बोलले म्हणून. काका स्टुलावरून उठले आणि चाचपडत मशीनपर्यंत आले. इतक्या वर्षांत ते त्या जागेत कधी चाचपडले नव्हते. "शशी, हा परत करायचा होता."

बाबा हिशेबातून वर न बघता म्हणाले, "अहो अण्णा, निर्दोष आहे. कॉम्प्युटरने पहिला नंबर दिलाय."

"आत पोर आहे."

मशीनजवळचे चौघे-पाच जण हसले. बाबाही हसले, आणि तेच वाईट झालं. नामदेव मिस्त्री तेवढे हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी प्रिंटरकडे बघितलं. मग मशीन सुरू झालं. ओंडका आधी उभा मधोमध चिरला, लोण्यासारखा. दोन फाका अंगणात उलगडून पडल्या. सोनेरी, स्वच्छ, रेघ न् रेघ सरळ. बाबांनी काकांचा हात धरून त्या फाकेवर ठेवला. "बघा. पळालं वाटतं तुमचं पोर."

काकांनी हात काढून घेतला. "मी बघू शकत नाही, हे विसरतोस तू कधीकधी," ते म्हणाले आणि घरात गेले.

त्यातली एक फाक बाबांनी घरासाठी बाजूला काढली. वारज्याला आम्ही फ्लॅट घेतला होता, पहिलाच, चौथ्या मजल्यावर, आणि वखारवाल्याच्या दाराला बिल्डरची चौकट असणं बाबांना लाजिरवाणं वाटत होतं. नामदेव मिस्त्रींनी त्या फाकेतून मुख्य दाराची चौकट काढली. पात्याला काही लागलं नाही. दुसरी फाक गिऱ्हाईकाची वाट बघत भिंतीला टेकून राहिली. आम्ही वारज्याला राहायला गेलो. निघायच्या आधी बाबा मला म्हणाले, आणि ते मला म्हणाले याचं मला आजही आश्चर्य वाटतं, मी तेव्हा वीस वर्षांची होते, "अण्णांना आता इतक्या लांबून रोज वखारीत कशाला न्यायचं? तुझं मशीन आहेच की." मी मान डोलावली. स्टूल ऑफिसात आलं, त्यावर प्रिंटरचे कागद ठेवले गेले.

अण्णाकाकांची वखार गेली. डोळे गेल्यावर जी एक जागा त्यांना पाठ होती ती गेली, आणि चौथ्या मजल्यावर एक नवी, करकरीत, घमघमीत वॉर्निशची जागा आली, जिथे कुठलाच आवाज ओळखीचा नव्हता. पहिल्या दिवशी आत येताना त्यांचा हात चौकटीला लागला. ते थांबले. "वहिनी, हे लाकूड कुठलं?" माझ्या आईला ते वहिनीच म्हणत, धाकट्या भावाची बायको असली तरी.

"आपल्या वखारीतलंच आहे हो भावोजी," आई म्हणाली.

ते आत आले. पण त्यानंतर मी पाहत होते. ते दर वेळी त्या दारातून जाता येता क्षणभर थांबत, उजव्या बाजूच्या उभ्या लाकडाला, साधारण आपल्या कमरेएवढ्या उंचीवर, दोन बोटं लावत आणि पुढे होत. देवळात उंबऱ्याला हात लावून जातात तसं नाही. ओळखीच्या लहान मुलाच्या डोक्यावर टपली मारतात तसं.

आणि माझ्या कॉम्प्युटरवरही एक प्रकार सुरू झाला. मी एक्केचाळीस नंबर यादीतून काढून टाकला होता, तरी प्रत्येक नव्या मालाच्या रांगेत तो वर येऊन बसायचा. पहिला. शेजारी एक फुली. आठवड्याने कारण सापडलं. त्या काळच्या प्रोग्रॅममध्ये नोंद खोडली की ती जात नसे, फक्त तिच्यापुढे फुली पडे. ती खरोखर घालवायची तर आणखी एक आज्ञा द्यावी लागे, आणि ती मी द्यायची विसरले होते. कारण सापडल्यावर भीती जायला हवी होती. मी ती आज्ञा टाइप केली, बोट बटणावर ठेवलं, आणि न दाबता उचललं.

दुसरी फाक मशीनवर चढली तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. मी ऑफिसात होते. पातं लाकडात शिरल्याचा तो रोजचा आवाज आला, आणि मग दुसराच आवाज आला. आई तिथे असती तर तिलाही ते कुठलं लाकूड ते सांगता आलं नसतं. पातं किंचाळलं, तुटलं आणि चाकावरून सुटून हवेत उडालं. मी धावले तर नामदेव मिस्त्री खाली बसले होते, डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा पडला होता, आणि ते त्या हाताकडे न बघता लाकडाकडे बघत होते. फाकेच्या आत वीतभर लांबीची एक जागा उघडली होती. पूर्वी कधीतरी तिथे ढोली असणार. मग झाडाने ती चारी बाजूंनी इतकी घट्ट मिटून घेतली होती की बाहेर गाठसुद्धा राहिली नाही. त्या जागेत थोडी काळी माती होती आणि एक वाळा होता. लहान मुलाच्या पायातला. पात्याने एका बाजूला कापलेला, दुसऱ्या बाजूला दोन घुंगरं.

नामदेव मिस्त्रींच्या हाताला अकरा टाके पडले. बोटं हलत होती, डॉक्टर म्हणाले, नशीब. संध्याकाळी बाबा त्यांना आमच्याकडे वारज्याला घेऊन आले. आईने गरम मऊ भात आणि मेतकूट केलं, आणि उजव्या हाताने जेवता येत असूनही तिने त्यांना जवळजवळ भरवलं. जेवण झाल्यावर ते काकांकडे वळून म्हणाले, "आमच्या तिकडं दोन-तीन गावांत हाये जी तसं. लेकरू गेलं का त्याचे वाळे झाडाच्या ढोलीत ठेवतेत. माय म्हनते, इथंच खेळ बाबू, मागं येऊ नको. मंग त्या झाडाले कोनी हात नाही लावत. पन झाड तर बोलत नाही ना जी. कोनीतरी तोडलंच."

बाबा मान खाली घालून बसले होते. "अण्णा, उद्यापासून चला वखारीत," ते म्हणाले. "तुमचं स्टूल मी स्वतः जागेवर ठेवतो. चुकलं माझं."

काकांनी हात पुढे केला. बाबांनी रुमालातून तो वाळा काढून त्यांच्या हातावर ठेवला. काकांनी तो कानाजवळ नेऊन हलवला. इतका बारीक आवाज, की सोसायटीतला पाण्याचा पंप चालू असता तर ऐकू आला नसता.

"दुसरा?" त्यांनी विचारलं.

"एकच होता," बाबा म्हणाले. "सगळी माती चाळली."

"मला दोन ऐकू आले होते." काकांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "पोर काय एका पायावर नाचत होतं?"

मग मी बघितलं की बाबा, आई आणि नामदेव मिस्त्री, तिघेही हळूहळू मान वळवून एकाच दिशेला, दाराकडे बघतायत. काकांना वळायची गरज नव्हती. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा चौकट काढायला माणूस आणणार होते. काकांनी नको म्हणून सांगितलं. आणि वखारीतही आले नाहीत. "गुरुवारी येत जाईन," ते म्हणाले. "एरवी वखारीत माझ्यावाचून अडत नाही. इथे अडतं." त्यांनी ते बिनपाठीचं स्टूल मात्र वारज्याला मागवून घेतलं आणि दाराच्या उजव्या अंगाला ठेवलं. सापडलेला वाळा चौकटीच्या वर, तोरणाच्या मागे, एका खिळ्याला अडकवला. आई आधी नाही नाही म्हणाली, मग दर दसऱ्याला तोरण बदलताना तीच त्याला हळूच बाजूला धरायला लागली.

मी दोन दिवस थांबले, आणि बाबा वखारीत गेल्यावर काकांपाशी जमिनीवर बसले. "काका, मी शून्य घातलं होतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"सगळ्या ओंडक्यांना पटापट बटणं दाबत होतीस. एक्केचाळीसला थांबलीस. मग एकच दाबलंस, आणि ते लांब, उजवीकडचं. नऊच्या पलीकडचं." ते थोडं हसले. "लाकूड ऐकणाऱ्याला तुझं यंत्र म्हणजे काय मोठं?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो," अण्णाकाका म्हणाले. "त्या वाट बघण्यापायी मिस्त्रीचा हात गेला असता. म्हणजे चूक माझीही आहे. अर्धी तू घे, अर्धी मी घेतो."

त्याच आठवड्यात मी तराजूमध्ये एक नवा रकाना केला. साठ अक्षरांचा. त्याचं नाव 'काका म्हणाले'. तो भरल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे सरकत नसे, बाबांनी कितीही बटणं आपटली तरी. पुढे कित्येक वर्षं तो तसाच चालला. त्यात 'भरीव', 'चीर', 'बरा आहे, पण मालक लबाड' असली वाक्यं आहेत. माझा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी त्याला एकदा ते जुने छापील कागद दाखवले, तर म्हणाला, "आई, हे डिझाइन फार वाईट आहे गं." मी म्हटलं, असेल. नामदेव मिस्त्रींचा हात जोडला गेला, पण थंडीत दुखायचा, आणि ते कधीही बोलून दाखवत नसल्यामुळे मला दर थंडीत ते आठवायचं.

आता काका नाहीत, बाबा नाहीत. वखारीच्या जागी गाड्यांचं पार्किंग आहे. वारज्याच्या फ्लॅटमध्ये मी राहते. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि दार घासतं. सुतार येतात, चौकटीला जरा रंधा मारू या म्हणतात. मी चहा पाजून परत पाठवते. सोसायटीत माझी ख्याती चिक्कू म्हणून आहे, ती मी राहू दिली आहे. स्टूल अजून दाराशीच आहे, त्यावर वर्तमानपत्रं ठेवते. जाता येता माझी दोन बोटं कमरेएवढ्या उंचीवर लागतात. पूर्वी मुद्दाम लावायचे, आता आपोआप जातात.

बेल मी चांगली मोठ्या आवाजाची बसवून घेतली आहे, कुणी लाकडावर थाप मारू नये म्हणून. पण अजूनही एखाद्या गुरुवारी वीज जाते, बेल वाजत नाही, आणि कुरिअरवाला किंवा गॅसवाला येऊन चौकटीवर टकटक करतो. त्याची टकटक थांबते, तरी ऐकू येणं थांबत नाही. दारावर थाप पडली की लोक आतून विचारतात, कोण आहे? मी विचारत नाही. नुसतं दार उघडते.